बॉल जॉइंट निघत नाही? घण उचलण्याआधी हे ऐका

मंगरूळपीरहून एका श्रोत्याची व्हॉइस नोट आलीये. घरची जुनी वॅगनआर, खड्ड्यात गेली की पुढच्या डाव्या चाकातून 'खट्' आवाज. नवा लोअर आर्म आणून ठेवलाय, पण जुना बॉल जॉइंट काही केल्या सुटत नाही. दोन दिवस घण मारून झाला, आता गॅस लावू का, असं विचारतोय.

थांब रे भाऊ. गॅस नको. शेजारी ब्रेकचा रबरी पाइप असतो आणि आत ग्रीस.

आधी ऐकणाऱ्या बाकीच्यांसाठी. चाक ज्या लोखंडी तुकड्यावर बसतं तो नकल. त्याला खालून धरतो लोअर आर्म. दोघांच्या मधला सांधा म्हणजे बॉल जॉइंट, आपल्या खांद्यासारखा: वाटीत गोळी. वरचा रबरी बूट फाटला की आपल्याकडचा काळ्या मातीचा चिखल आत जातो, ग्रीस बाहेर येतं आणि गोळी झिजते. फारच झिजली तर ती चालत्या गाडीत वाटीतून बाहेर पडते आणि चाक आडवं होतं. शेलूबाजारहून समृद्धीवर चढलात की वेगमर्यादा १२० आहे. त्या वेगात काय होईल, ते मी सांगायला नको. म्हणून 'खट्' ऐकू आला की काम पुढे ढकलू नका.

आता खरा मुद्दा. जॉइंट कशाने धरलाय ते बघितल्याशिवाय हातोडी मारायची नाही. मारुतीच्या बहुतेक छोट्या गाड्यांत नकलला एक चीर असते आणि तिच्यातून आडवा बोल्ट जातो. हा बोल्ट नुसता आवळत नाही, जॉइंटच्या दांड्यावरच्या खाचेत कडीसारखा अडकतो. बोल्ट ढिला करून घण मारला तर दांडा हलणारच नाही, कडी लागलेलीच आहे ना! बोल्ट पूर्ण बाहेर काढायचा. गंजला असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारा आणि सकाळी पाना थोडा पुढे, थोडा मागे करत सोडवा. मग चिरेत छिन्नी हलकेच ठोका, चीर जरा उघडेल. आता लांब पहारीने आर्म खाली दाबला की दांडा उतरतो.

तरीही आर्म खाली येत नसेल तर दुसरं चाक जमिनीवर आहे का बघा. स्टॅबिलायझर बार दोन्ही बाजू जोडतो, त्यामुळे एकच चाक उचललं तर आर्म वर ओढलेला राहतो. दोन्ही चाकं उचला, अर्धी कुस्ती तिथेच संपते. गाडी मात्र जॅकवर नाही, घोड्यांवर. विटाही नकोत, त्या अचानक फुटतात. आणि सुटलेला नकल फार बाहेर ओढू नका, ॲक्सल गिअरबॉक्समधून निसटतो.

काही गाड्यांत, विशेषतः वर-खाली दोन आर्म असलेल्या, दांडा निमुळता असतो आणि नट आवळून पाचरीसारखा बसवलेला. उतार इतका कमी, की नट काढला तरी घर्षणच त्याला धरून ठेवतं. इथे दांड्याच्या टोकावर मारलं तर आटे चेपतात, हाती काही लागत नाही. नट दोन-तीन आट्यांवर राहू द्या, पुलर लावून ताण द्या आणि मग दांडा ज्या भोकात बसलाय त्या भोकाच्या बाजूवर दणका द्या. भोक क्षणभर वाकडं होतं आणि पाचर सुटते. तेव्हा ठोका पडल्यासारखा मोठा आवाज येतो, दचकू नका. नट ठेवायचा तो याचसाठी, आर्म उसळून तोंडावर येत नाही. स्प्रिंग खालच्या आर्मवर असेल तर आर्मखाली जॅक हवाच, नाहीतर तिचा सगळा जोर एकदम सुटेल.

बसवताना बोल्ट नवा घ्या. स्प्लिट पिनवाला नट असेल आणि भोक जुळत नसेल तर नट मागे फिरवायचा नाही, थोडा पुढेच आवळायचा. नंतर व्हील अलाइनमेंट करून घ्या.

आणि भाऊ, 'खट्' गेला का, ते पुढच्या व्हॉइस नोटमध्ये कळव.