घरामागची सेप्टिक टँक : काळजी कशी घ्यावी, माणूस कसा निवडावा



मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या आपल्यापैकी अनेकांना सांडपाणी ही म्युनिसिपालिटीची बाब वाटते. अमेरिकेत मात्र साधारण दर पाच घरांपैकी एका घराचे सांडपाणी त्या घराच्या आवारातच मुरते. आपल्या मॅसॅच्युसेट्समधील सडबरी, बॉक्सबरो, कार्लाइल या गावांत तर टाऊन सीवर नाहीच. चांगल्या शाळांसाठी आपण अशा गावात घर घेतो, पण अंगणातल्या हिरवळीखाली काय आहे हे फारसे कुणी विचारत नाही. म्हणून ही थोडी माहिती.

यंत्रणा चालते कशी?

घरातले सगळे पाणी (संडास, मोरी, स्वयंपाकघर, वॉशिंग मशीन) एका पाइपने जमिनीखालच्या टाकीत येते. तिथे जड भाग तळाशी बसून गाळ होतो, तेल-तूप वर येऊन तवंग होतो आणि मधले पाणी पुढे लीच फील्डमध्ये जाते. तिथल्या छिद्रांच्या पाइपांतून ते खडीत आणि मग मातीत मुरते. आपल्या गावाकडचा शोषखड्डा आठवा, तत्त्व तेच. पाणी शुद्ध करण्याचे मोठे काम मातीच करते.

टाकीतले जीवाणू थोडाफार गाळ पचवतात, पण सगळा नाही. वेळेवर उपसा झाला नाही तर गाळ पाण्याबरोबर लीच फील्डमध्ये जातो आणि मातीची छिद्रे बुजवतो. मग टाकी कितीही वेळा उपसली तरी पाणी मुरत नाही. टाकी उपसायला काहीशे डॉलर लागतात, नवी लीच फील्ड घालायला मात्र हजारोंनी आणि बरेचदा काही दहा हजारांनी. शिवाय अशा अनेक घरांत पिण्याचे पाणी आवारातल्याच विहिरीचे असते, हे विसरू नये.

केव्हा उपसावी?

अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा, म्हणजे ईपीएचा सल्ला असा : निदान दर ३ वर्षांनी तपासणी आणि साधारण ३ ते ५ वर्षांनी उपसा. पंप, फ्लोट स्विच असे विजेवर चालणारे भाग असतील तर तपासणी दरवर्षी. टाकीच्या बाहेर जाणाऱ्या तोंडापासून गाळ १२ इंचांच्या आत किंवा तवंग ६ इंचांच्या आत आला, की उपसायची वेळ झाली. घरात माणसे जास्त तितका उपसा लवकर. आई-बाबा सहा महिने राहायला येत असतील तर तेही हिशोबात धरा.

आपल्या घरच्या सवयी

• दिवाळीच्या फराळाचे उरलेले तळणीचे तेल आणि बेरीचे तूप सिंकमध्ये ओतू नका. गार झाल्यावर डब्यात भरून कचऱ्यात टाका. तेलकट कढई आधी कागदाने पुसून घ्या.
• भाज्यांची देठे, चहाचा चोथा, नारळाचा चव, उरलेला भात गार्बेज डिस्पोजलमध्ये घालू नका. सेप्टिक असलेल्या घरात ते यंत्र न वापरणेच बरे.
• वाइप्सवर 'फ्लशेबल' लिहिलेले असले तरी ते, तसेच सॅनिटरी पॅड आणि औषधे संडासात टाकू नका.
• आठवड्याचे सगळे कपडे रविवारी एकदम धुऊ नका, रोज थोडे धुवा. संडास गळत असेल तर लगेच दुरुस्त करा, त्यातून दिवसाला २०० गॅलनपर्यंत पाणी जाऊ शकते.
• गणपतीला पन्नास पाहुणे आले तरी लीच फील्डवर गाड्या लावू देऊ नका. त्यावर झाडेही लावू नका. मेथी-कोथिंबिरीचा वाफा दुसरीकडे करा.
• 'टाकी उपसावीच लागणार नाही' म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरींवर पैसे घालवू नका. लागणारे जीवाणू सांडपाण्यात असतातच.

माणूस कसा निवडावा?

टाकी उपसणाऱ्याला गावाच्या बोर्ड ऑफ हेल्थचा परवाना लागतो. तिथे फोन केलात की परवानाधारकांची नावे मिळतात. आपल्या टाकीचा नकाशाही बहुधा तिथेच असतो, त्याची प्रत घरी ठेवा. दोन-तीन जणांकडून भाव घ्या आणि विचारा :

१. भाव किती गॅलनचा? झाकणापर्यंत खोदण्याचे वेगळे पैसे आहेत का?
२. मुख्य झाकण उघडून तळापर्यंतचा गाळ काढणार ना? तपासणीच्या लहान तोंडातून वरवर उपसले तर गाळ खालीच राहतो.
३. आत-बाहेरची टी आणि बॅफल पाहणार का? फिल्टर असेल तर धुणार का?
४. गाळ-तवंग किती होता, ते लिहून देणार का?

'लीच फील्ड गेली, आजच नवी घ्या' असे कुणी म्हणाले तर घाबरून सही करू नका. ज्याला ते काम मिळणार नाही अशा दुसऱ्या तपासनिसाचे मत घ्या.

घर घेताना, विकताना

मॅसॅच्युसेट्समध्ये 'टायटल ५' हा नियम आहे. विक्रीआधीच्या २ वर्षांत राज्यमान्य तपासनिसाकडून तपासणी झालेली असावी लागते. दरवर्षी उपसा केल्याच्या नोंदी असतील तर ती ३ वर्षे चालते. घेणाऱ्यांनी अहवाल स्वतः वाचावा, नुसत्या 'पास' शब्दावर थांबू नये.

यंत्रणेची क्षमता बेडरूमवर ठरते. दर बेडरूमला दिवसाला ११० गॅलन, म्हणजे चार बेडरूमच्या घराला ४४०. म्हणून आई-बाबांसाठी बेसमेंटमध्ये बेडरूम काढण्याआधी बोर्ड ऑफ हेल्थला विचारा. राहत्या घराची नापास यंत्रणा दुरुस्त केल्यास राज्याच्या आयकरात सवलत मिळते. २०२३ पासून ती वाढली आहे, तेव्हा पावत्या जपून ठेवा. इतर राज्यांतले नियम वेगळे आहेत. उदाहरणार्थ, न्यू जर्सीत २०१२ पासून घर विकताना जुना सेसपूल बदलावा लागतो.

शेवटचे, पण सर्वांत महत्त्वाचे

टाकीत कधीही उतरू नका, वाकून डोकावूही नका. आतला वायू क्षणात बेशुद्ध करतो आणि वाचवायला उतरलेलाही वर येत नाही. भारतात २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवण्यावर बंदी आहे, तरीही अशा मृत्यूंच्या बातम्या येतच राहतात. झाकण तडकले असेल तर लगेच बदलून घ्या, अंगणात मुले खेळतात.

नाले हळू वाहणे, मोरीत गुडगुड, वास, किंवा लीच फील्डवरच दाट हिरवे गवत आणि ओल, यांपैकी काही दिसले तर वाट पाहू नका. आणि शेवटचा उपसा कधी झाला ते आठवत नसेल, तर या आठवड्यातच फोन करा.