पुड्यामागची बारीक अक्षरे

भुईमूग, करडई आपण पिकवतो. पण बाजारातून आणलेल्या फरसाण-बिस्किटांत तेल कोणते, हे कधी पाहिले आहे का? नवी मुंबईजवळचे न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले. तेथे उतरणाऱ्या मालात खाद्यतेलही असते. देशात येणारे पामतेल मुख्यतः इंडोनेशिया-मलेशियाचे.

पामतेल म्हणजे विष नव्हे. मात्र त्यातील जवळजवळ निम्मा भाग संपृक्त चरबीचा असतो. म्हणून रोज किती पोटात जाते, हे कळायला हवे.

पुड्यावर शेंगदाण्याचे चित्र असले तरी फसू नका. मागची बाजू पाहा. जो घटक जास्त, त्याचे नाव आधी. ‘खाद्य वनस्पती तेल’ यापुढे कंसात तेलाचे नाव असते. ‘पामोलिन’ म्हणजे पामतेलाचाच पातळ भाग. ‘वनस्पती’ आणि ‘शॉर्टनिंग’ यांतही ते पुष्कळदा असते. ‘आयएनएस ४७१’ हा घटक पामतेलापासून बनलेला असू शकतो.

अक्षरे बहुधा इंग्रजीत असतात. शाळकरी मुलांकडून वाचून घ्या. आणि घरचा थोडा भुईमूग घाण्यावर न्या. तेल आपल्याला, पेंड गुरांना!