गुलछडी घायपाताच्या घरात

वैशाखात अंगणातली बाकी झाडं मान टाकतात आणि सदाफुली फुलतच राहते. मराठीनं या गुणावरूनच तिला नाव दिलं. हिंदीतलं ‘सदाबहार’ही त्याच चालीचं. बंगालीत ती नयनतारा. तमिळमध्ये मात्र तीच नित्यकल्याणी आणि तीच सुडुकाट्टु मल्ली, म्हणजे मसणवट्यातली मोगरी! मलयाळी लोक तर तिला ‘शवंनारी’, प्रेताचा वास येणारी, म्हणून मोकळे होतात. मूळची ती मादागास्करची. परक्या मुलखातून आलेल्या पाहुणीला ज्यानं जिथं पाहिलं, तिथलं नाव चिकटवलं.

वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं 1759 साली तिला ‘व्हिंका रोझिया’ म्हटलं. 1837 मध्ये जॉर्ज डॉननं तिला ‘कॅथरँथस’ या प्रजातीत हलवलं. तिचं व्हिंका हे नाव वनस्पतिशास्त्रानं पुसलं, पण औषधांच्या दुकानात ते टिकून आहे. 1950च्या दशकात कॅनडात तिच्या पानांतून व्हिनब्लास्टीन वेगळं काढलं गेलं, पाठोपाठ व्हिनक्रिस्टीन सापडलं. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर ते आजही देतात.

खरी गंमत निशिगंधाची. फुलबाजारात त्याला गुलछडीच म्हणायचं, निशिगंध कवितेत. हिंदी-बंगालीत रजनीगंधा, कन्नडमध्ये सुगंधराज, तेलुगूत नेलसंपेंगा, म्हणजे जमिनीवरचा चाफा. इंग्रजी ‘ट्यूबरोज’ ऐकून गुलाब आठवतो. त्यात गुलाब औषधालाही नाही. ‘ट्युबरोझा’ म्हणजे कंद असलेली, एवढंच. ‘पॉलिअँथिस ट्युबरोझा’ हे तिचं नाव पिढ्यान्‌पिढ्या पाठ केलं गेलं. मग जनुकांच्या अभ्यासातून तिचं खरं गोत्र कळलं आणि 2017 मध्ये ती ‘अगेव्ह अमिका’ झाली. अगेव्ह म्हणजे आपलं घायपात! ज्याच्या वाखाचे दोर वळतात, ते बांधावरचं काटेरी घायपात आणि लग्नातल्या हारातली गुलछडी आता एका प्रजातीत. दोघांचंही माहेर मेक्सिकोकडचं.

शास्त्रज्ञ उगाच नावं बदलतात, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. मला ती पटत नाही. शास्त्रीय नाव नातं सांगतं. नात्याची समज सुधारली की नाव बदलणारच. लोकांच्या नावांना ही अट नाही. ती वास, वेळ, जागा सांगतात, म्हणून टिकतात.

ही दोन्ही नावं शेजारी मांडायची खटपट आपल्याकडे जुनी. कोचीचा डच गव्हर्नर व्हान ऱ्हीड यानं ‘हॉर्टस मलबारिकस’चे 12 खंड सिद्ध केले, ते 1678 ते 1693 या काळात छापले गेले. त्याच्या मदतीला इट्टी अच्युतन हे मलयाळी वैद्य होते, तसेच रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे कोकणी वैद्यही. त्यामुळे त्या ग्रंथातल्या चित्रांवर वनस्पतींची नावं नागरीतही आहेत. लिनियसनं पुढं त्याचा भरपूर उपयोग केला.

ही उठाठेव कशाला, ते शंखपुष्पीवरून कळतं. केरळात शंखपुष्पी म्हणजे निळी गोकर्ण, ‘क्लिटोरिया टर्नाटिया’. उत्तरेत त्याच नावानं ‘कॉन्व्हॉल्व्ह्युलस’ विकतात, काही ठिकाणी विष्णुक्रांता, म्हणजे ‘इव्हॉल्व्ह्युलस’. तीन वेगळ्या वनस्पती, बाटलीवर नाव एकच. परीक्षेच्या दिवसांत मुलांसाठी शंखपुष्पीचं सरबत आणताना मागच्या बाजूचं बारीक अक्षरातलं लॅटिन नाव जरूर वाचावं.