लघु मोबाइल केंद्रांसाठी पीओई स्विचची निवड : वर्ध्याच्या संदर्भात

रुग्णालयासारख्या मोठ्या इमारतीच्या आतील कक्षांत मोबाइल मनोऱ्याचे संदेश क्षीण होतात. म्हणून तेथे लघु केंद्रे बसवितात. पीओई स्विच त्यांना एकाच इथरनेट केबलमधून माहिती व वीज पुरवितो. या केबलची मर्यादा १०० मीटर असते.

निवड करताना पोर्टांच्या संख्येपेक्षा एकूण वीजक्षमता महत्त्वाची ठरते. २००३ च्या ८०२.३एएफ मानकानुसार प्रत्येक पोर्टवर १५.४ वॅट, २००९ च्या ८०२.३एटीनुसार ३० वॅट, तर २०१८ च्या ८०२.३बीटीनुसार ९० वॅटपर्यंत वीज मिळते. केबलमधील ऱ्हास धरता ३० पैकी २५.५ वॅटच उपकरणास उपलब्ध होतात. ३० वॅटचे ८ पोर्ट पूर्ण भाराने चालविण्यास २४० वॅट लागतात. स्विचची एकूण क्षमता १२० वॅट असल्यास ४ केंद्रेच चालतील.

वर्ध्याचे तापमान उन्हाळ्यात ४५ अंश सेल्सिअसपलीकडे जाते आणि बंद पेटीत ते आणखी वाढते. त्यामुळे ४० अंशांपर्यंतच प्रमाणित असलेला कार्यालयीन स्विच येथे अपुरा पडतो. तसेच टीडीडी केंद्रांना प्रमाणवेळेशी ±१.५ मायक्रोसेकंदांत मेळ राखावा लागतो. छताखाली जीपीएस मिळत नसल्यास १५८८ मानकाचा कालमेळ साधणारा स्विच घ्यावा.

स्विच बंद पडताच त्यावरील सर्व केंद्रे मूक होतात. म्हणून त्यास यूपीएसची जोड द्यावी. रुग्णालयात तो खर्च अनाठायी नव्हे.