जुन्या घराच्या लाकडातून बाक आणि मांडणी

जुने घर पाडून स्लॅबचे घर बांधले की अंगणात वासे, तुळया, चौकटी आणि दारांच्या फळ्यांचा ढीग पडतो. चांगले तुकडे जुन्या लाकडाचा व्यापारी पडत्या भावात उचलतो आणि उरलेले चुलीत जातात. पुढे त्याच घरात भुश्याच्या बोर्डाचे टेबल हप्त्याने येते. भुसा व डिंक दाबून केलेला हा बोर्ड ओल लागली की फुगतो. हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे. त्यामुळे ढीग विकण्यापूर्वी आपण स्वतः तो एकदा निवडून पाहावा.

प्रत्येक तुकडा हातोडीने ठोकावा. आवाज पोकळ आल्यास तो आतून पोखरलेला समजावा. बारीक गोल भोके दिसत असतील आणि त्यांतून पिठासारखा भुसा गळत असेल, तर भुंगेऱ्याची अळी आत असण्याची शक्यता असते. मातीच्या नळ्या दिसल्या तर ती वाळवी. सागाचा गाभा सहसा टिकतो; कीड बहुधा बाहेरच्या फिकट भागात लागते, तेवढा भाग तासून जाळून टाकावा. खिळे अंबुराने काढावेत. आत तुटून राहिलेला खिळा जुन्या स्पीकरच्या लोहचुंबकाने सापडतो. तो तसाच राहिला तर रंध्याचे पाते जाते.

किडीचा संशय असलेल्या लाकडासाठी १० लिटर कोमट पाण्यात ३०० ग्रॅम टाकणखार व २०० ग्रॅम बोरिक पावडर विरघळवावी. तासलेल्या, कोरड्या लाकडावर या द्रावणाचे दोन-तीन हात काही तासांच्या अंतराने द्यावेत आणि लाकूड सावलीत वाळवावे. हातमोजे वापरावेत, मुले व जनावरे दूर ठेवावीत. हे द्रावण पाण्याने धुतले जाते. म्हणून असे लाकूड घरातच वापरावे, मात्र अन्नधान्य ठेवण्याच्या फळ्यांना ते लावू नये.

पहिले काम म्हणून बाक करावा. बसण्याची फळी निदान एक इंच जाड आणि १४ इंच रुंद असावी. उंची दीड फूट ठेवावी. पायांना अडीच-तीन इंची वासे चालतात. पायाला भोक पाडून आडव्या पट्टीचे टोक त्यात घट्ट बसवावे. नुसत्या खिळ्यांवर उभा केलेला बाक काही दिवसांतच डुलू लागतो. जुने लाकूड वाळून टणक झालेले असते, त्यात सरळ खिळा ठोकला तर फळी तडकते. आधी स्क्रूपेक्षा बारीक भोक पाडावे आणि स्क्रूला थोडा साबण लावून तो पिळावा. मांडणीच्या फळ्यांना दर अडीच फुटांवर आधार द्यावा. आंब्याच्या पेटीच्या पातळ फळ्या हलक्या वस्तूंच्या मांडणीला ठीक, बसायला नव्हेत.

काही वस्तू मात्र फुकट मिळाल्या तरी घरात आणू नयेत. कीटकनाशकांचे ड्रम, डबे आणि खोकी कितीही धुतली तरी त्यांची स्टुले, कुंड्या किंवा कपाटे करू नयेत. कीटकनाशक नियम, १९७१ प्रमाणे ही वेष्टने पुन्हा वापरली जाऊ नयेत म्हणून उघड्यावर न टाकता फोडून वस्तीपासून दूर पुरायची असतात. रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरांत क्रिओसोटसारखे विषारी तेल मुरवलेले असते, तेव्हा त्यांचा पलंग किंवा पाळणा नको. जुन्या रंगात शिसे असू शकते. नव्या घरगुती रंगांत ते दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंतच असावे असा नियम २०१६ साली झाला, पण तुमच्या आजोबांच्या दाराला तो लागू नव्हता. अशी दारे कोरडी घासू नयेत. पाणी मारून ओल्यावरच खरवडावे, खाली प्लॅस्टिक अंथरावे आणि लहान मुलांना, गरोदर स्त्रियांना जवळ येऊ देऊ नये. खरवडलेला रंग चुलीत घालू नये.

खताची रिकामी पोती धुऊन, पट्ट्या कापून पिळली की बाजेची दोरी होते. ही बाज सावलीत ठेवावी. उन्हाने दोरी ठिसूळ होऊन तुटते.

लाकूड घासून झाल्यावर जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात द्यावेत आणि जास्तीचे तेल फडक्याने टिपावे. ही तेलकट फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल वाळताना गरम होते आणि बोळ्यातली उष्णता कोंडून फडके आपोआप पेट घेऊ शकते. गोठ्याजवळ कडब्याची गंजी असेल तर काय होईल हे सांगायला नको. फडकी काम संपताच पाण्यात बुडवावीत किंवा मोकळ्या जागी एकेक पसरून वाळवावीत.