हुकूम झाला, जामीनदार कुठून आणायचा?

कायद्याच्या उंबरठ्यावर : लेखांक ६

दौलताबादच्या किल्ल्यातला चिनी महाल अनेकांनी पाहिला असेल. १६८७ मध्ये गोवळकोंडा पडल्यावर औरंगजेबाने तिथला शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशहा याला कैद करून या किल्ल्यात ठेवले. १६९९ मध्ये त्याचा मृत्यू झाला तोही कैदेतच. त्याच्यावर खटला चालला नाही, की सुटकेची तारीख ठरली नाही. सगळे बादशहाच्या मर्जीवर होते. आज कैदेला कायद्याची मुदत असते, आणि खटला उभा राहण्याआधी माणसाला घरी पाठवणारा जामीनही असतो. तरीही २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत असलेल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. चारांतले तीन! त्यांच्यावरचा गुन्हा अजून शाबीत झालेला नव्हता.

पीसीआर (पोलीस कोठडी) आणि एमसीआर (न्यायालयीन कोठडी) यांमधला फरक आपण गेल्या आठवड्यात पाहिला. समजा, दौलताबाद पोलीस ठाण्याच्या हद्दीतल्या एका हमालावर चोरीचा गुन्हा दाखल झाला, एमसीआर मिळाला आणि त्याची रवानगी हर्सूलच्या मध्यवर्ती कारागृहात झाली. आता घरच्यांची धावाधाव सुरू होते.

गुन्हा जामीनपात्र असेल तर जामीन हा आरोपीचा हक्कच आहे. आठवड्याभरात जामीनदार उभा करता आला नाही, तर तो माणूस गरीब आहे असे गृहीत धरून जातमुचलक्यावर, म्हणजे त्याच्या स्वतःच्याच हमीवर, सोडावे, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७८ सांगते. चोरी मात्र अजामीनपात्र. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही, असा गैरसमज गावोगाव आहे. तो खरा नाही. तिथे निर्णय न्यायालयाचा असतो. आरोपी पळून जाईल का, साक्षीदारांवर दबाव आणेल का, पुरावा नष्ट करेल का, याचा मुख्यतः विचार होतो.

यात एक तारीख घरच्यांनी लिहूनच ठेवावी. चोरीसारख्या गुन्ह्यात पहिल्या रिमांडपासून ६० दिवसांत, आणि फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षे व त्याहून मोठ्या शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवसांत पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल केले नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. पण तो मागावा लागतो. अर्ज करण्याआधी दोषारोपपत्र आले की हक्क गेला. वकील नसलेल्या माणसाला हे कोण सांगणार? म्हणूनच लक्षात ठेवा, कोठडीतल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ने आणखी एक दार उघडले. पूर्वी कधी शिक्षा न झालेल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढला, तर न्यायालयाने त्याला सोडावे. इतरांसाठी ही मर्यादा निम्म्या शिक्षेची आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे यातून वगळले आहेत. एकाहून जास्त गुन्हे किंवा खटले प्रलंबित असलेल्यालाही याचा लाभ नाही. मला ही अट फार कठोर वाटते. दोन्ही खटले निकालाविना पडून असतील, तर दुसरा खटला हासुद्धा शेवटी आरोपच असतो.

आता खरी अडचण. न्यायाधीश हुकूम देतात : पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार. वकील अभिनंदन करतात, बायको हात जोडते, आणि त्यानंतरही हमाल हर्सूलमध्येच राहतो. जामीनदार म्हणून सातबारा, घरपट्टीची पावती किंवा पगारपत्रक असलेला माणूस लागतो. कधी तहसीलचा ऐपतीचा दाखलाही मागतात. ज्याच्या नात्यागोत्यात कोणाच्याही नावावर गुंठाभर जमीन नाही, त्याने हे कुठून आणायचे? भाडोत्री जामीनदारांचा धंदा याच गरजेवर चालतो आणि बनावट कागदपत्रांचे गुन्हेही त्यातूनच होतात.

हा प्रश्न जुना आहे. १९७८ मध्ये मोतीराम नावाच्या गवंड्याला सर्वोच्च न्यायालयाने जामिनावर सोडण्याचा हुकूम दिला. मध्य प्रदेशातल्या दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीन मागितला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला जामीनदार नाकारले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ती अट खोडून काढली आणि गरिबाला जातमुचलक्यावर सोडण्याचा मार्ग मोकळा केला. तरीही २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा निर्देश द्यावे लागले : जामीन मंजूर होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे, महिन्याभरात जामीनपत्र भरले गेले नाही, तर न्यायालयाने स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करावा, स्थानिक जामीनदाराचा आग्रह टाळावा. त्याच वर्षी सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत पात्र गरीब कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी आर्थिक मदत मिळू शकते.

तेव्हा हुकूम हाती येऊन आठवडा उलटला आणि माणूस अजून आतच असेल, तर नव्या जामीनदारासाठी सावकाराच्या दारात जाऊ नका. हुकुमाची प्रत घेऊन जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा आणि तिथल्या वकिलाकरवी दोन मागण्यांचा अर्ज करा : एक, रक्कम कमी करावी, दोन, जामीनदाराची अट काढून जातमुचलक्यावर सोडावे.