चाळस्मृतीचे व्याकरण : वरळीच्या बी. डी. डी. चाळींच्या निमित्ताने

एखादी वस्ती पाडली गेली म्हणजे तिच्या आठवणी गोळा करण्याची निकड अभ्यासकांना जाणवू लागते. समूहाची स्मृती स्थलाच्या आधाराने टिकते, असे प्रतिपादन फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मोरिस हाल्बवाक्स यांनी केले आहे. ते मान्य केल्यास, स्थलच नाहीसे झाल्यावर त्या स्मृतीला आधार कशाचा, हा प्रश्न उरतो. तो आधार मुख्यत्वे भाषेचा होय. म्हणून आठवणीत काय सांगितले गेले याबरोबरच ते कोणत्या व्याकरणिक रूपांत सांगितले गेले, हे पाहणेही अगत्याचे ठरते. प्रस्तुत लेखात अशा तीन रूपांचा विचार करावयाचा आहे.

१. स्थल

मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले. या खात्याने कामगारांसाठी बांधलेल्या २०७ चाळींपैकी १२१ वरळीस, ४२ नायगावास, ३२ डिलाईल रोडवर, म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गावर, आणि १२ शिवडीस होत्या. तळमजला धरून चार मजले, प्रत्येक मजल्यावर मधल्या बोळाच्या दोन्ही अंगांस मिळून वीस खोल्या, खोली सुमारे १६० चौरस फुटांची आणि संडास सामाईक, अशी त्यांची सर्वसाधारण रचना. चाळींना नावे नव्हती, क्रमांक होते. परंतु रहिवाशांच्या बोलण्यात तो क्रमांकच आडनावासारखा वापरला जाई. म्हाडामार्फत पुनर्विकास सुरू होऊन वरळीच्या पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या १४ ऑगस्ट २०२५ रोजी देण्यात आल्या. नवे घर ५०० चौरस फुटांचे आहे. हा लाभ खरा आहे. त्याबरोबर जुन्या चाळींमधले बोळ व रस्ते मोडले, हेही तितकेच खरे.

२. ‘बसायचो’ आणि ‘बसलो’

‘दार कधी लावायचोच नाही’, ‘पहाटे पाण्याला रांग लागायची’, ‘भोंगा झाला की पहिली पाळी निघायची’, अशा धर्तीची वाक्ये चाळीच्या आठवणींत वारंवार आढळतात. ग्रंथभाषेतील ‘बसत असू’ या रीतिभूतकाळाचे कार्य बोलीत ‘बसायचो’ हे रूप करते. हे रूप एका दिवसाची घटना सांगत नाही. अनेक दिवसांचा परिपाठ एकत्र करून सांगते. साहजिकच अपवाद गळतात आणि वर्णनाला एक प्रकारचे सौम्य सातत्य येते. ‘रांग लागायची’ या वाक्यात तर कर्ताही नाही. रांगेत कोण उभे राहत असे, हे मुद्दाम विचारले तरच बहुधा स्त्रिया उभ्या राहत, हे कळते.

याउलट ‘संप झाला’, ‘आईने पाटल्या मोडल्या’, ‘थोरल्याची शाळा सुटली’ ही साध्या भूतकाळातील वाक्ये पाहावीत. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. या संपाची झळ घरात कशी पोहोचली, हे ‘मोडायचो’ अशा रूपाने सांगता येत नाही. पाटल्या एकदाच मोडल्या जातात. परिपाठ एका रूपात आणि आघात दुसऱ्या रूपात, अशी ही वाटणी आहे. केवळ पहिल्या रूपातील आठवणी संकलित केल्यास चाळ म्हणजे निर्वेध एकोप्याचे स्थान, असे अर्धसत्य चित्र हाती लागते.

३. ‘आम्ही’ आणि ‘आपण’

मराठीत प्रथम पुरुषी अनेकवचन दोन प्रकारचे आहे. ‘आपण’ श्रोत्याला सामावून घेते, ‘आम्ही’ त्याला वगळते. ‘आम्ही चाळवाले’ असे म्हणताना या ‘आम्ही’ची कक्षा सर्वत्र सारखी राहत नाही. ती कधी साऱ्या वस्तीची असते, कधी एका क्रमांकाची, कधी गाववाल्यांची, तर कधी जातीची. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या याच चाळींत दलित व सवर्ण यांच्यात दंगल उसळली. गणेशोत्सवाच्या आठवणीतील ‘आम्ही’ आणि दंगलीच्या आठवणीतील ‘आम्ही’ एकाच निवेदकाच्या तोंडी आले, तरी ते एकच असतील असे गृहीत धरता येत नाही. निवेदन कोठे ‘आपण’वरून ‘आम्ही’वर येते, याची नोंद ठेवणे म्हणूनच आवश्यक आहे.

४. ‘पडणे’ आणि ‘पाडणे’

‘गिरणी बंद पडली’ व ‘गिरणी बंद केली’, तद्वतच ‘चाळ पडली’ व ‘चाळ पाडली’, या जोड्यांतील भेद केवळ रूपाचा नाही. ‘पडणे’ अकर्मक आहे. त्यात घटना घडते, पण ती घडवणारा दिसत नाही. ‘पाडणे’ म्हटले की कर्त्याचा प्रश्न आपोआप उभा राहतो. ‘चाळ गेली’ या तिसऱ्या प्रयोगात तर चाळीला गेलेल्या माणसाचेच स्थान मिळते. एकाच घटनेसाठी निवेदक यांपैकी कोणते क्रियापद योजतो, यावरून तो तिला दैव मानतो, निर्णय मानतो की वियोग, याचा अंदाज बांधता येतो.

५. संकलनाची पद्धत

नीरा आडारकर व मीना मेनन यांनी २००४ साली इंग्रजीत प्रसिद्ध केलेल्या मौखिक इतिहासामुळे गिरणगावाच्या कथनांचे मोल सर्वमान्य झाले. पुढील संकलनात मूळ मराठी शब्द जसेच्या तसे राखणे इष्ट होय. इंग्रजीत ‘आम्ही’ व ‘आपण’ एकाच सर्वनामात मिसळून जातात. मराठीतही लेखनिकाने ‘बसायचो’चे ‘बसत असू’ केले किंवा ‘पडली’चे ‘पाडण्यात आली’ केले, तर निवेदकाचा निवाडा पुसला जातो. त्याचप्रमाणे ‘तेव्हा काय चालायचे?’ या प्रश्नाबरोबर ‘त्या दिवशी काय झाले?’ हाही प्रश्न प्रत्येक मुलाखतीत असावा. पहिल्या प्रश्नाची उत्तरे सहज मिळतात आणि पुढच्या पिढीच्या तोंडीही टिकतात. दुसऱ्याची उत्तरे मात्र ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांच्यापाशीच आहेत, आणि ती पिढी आता वृद्ध झाली आहे.